भाऊसाहेब पाटणकर आणि आमचे थेटर

अमरावतीत चित्रा चौक आहे, श्याम चौक आहे, सरोज चौक आहे. ही सारी नावे टॉकीजांची. ऑटोवाल्याला ‘चित्रा चौक’ एवढे सांगितले की तो अचूक नेऊन सोडतो. मात्र हे नाव उच्चारताना त्याच्या किंवा प्रवाशाच्या डोळ्यांसमोर पडदा, तिकिटाची खिडकी, मध्यंतरातली गर्दी यांपैकी काही येत असेल असे वाटत नाही. करमणुकीच्या जागांचे असेच होते. त्यांची नावे पत्त्यात उरतात, आणि ज्यांनी तिथे लोकांचे रंजन केले त्यांची नावे पत्त्यातही उरत नाहीत.

आमच्या आजोबांच्या (घरात सारे त्यांना आबाजी म्हणत) शब्दकोशात नाट्यगृहाला एकच शब्द होता : इंद्रभुवन. कार्यक्रम गावात कुठेही असो, शाळेच्या पटांगणात असो की गणपतीच्या मांडवात, ते विचारायचे, “आज इंद्रभुवनात काय हाय?” ज्या पत्र्याच्या थेटरात त्यांनी आम्हांला पहिल्यांदा नेले ते इंद्रभुवन नव्हते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. कळल्यावर थोडे फसवल्यासारखे वाटले, आणि मग ज्या थिएटराचे नाव एका माणसाच्या तोंडात असे जन्मभर बसले ते होते तरी काय, याचे कुतूहल वाटू लागले.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात वऱ्हाड येते ते बहुधा ‘दौरा’ या शब्दाला चिकटून. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली, कापसाचा पैसा आधीच खेळू लागला होता, आणि नाटक कंपन्यांना हंगाम संपता संपता अकोला-अमरावतीची वाट सापडली. इतिहासकार हे नोंदवतात आणि पुढे जातात. कंपनीचे कर्ज फिटले की वऱ्हाडचे काम संपले! १९०५ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वकिली केली ती अकोला, जळगाव-जामोद, खामगाव या गावांत. तरीही प्रेक्षक म्हणून वऱ्हाड हे पैशाची थैली घेऊन रांगेत उभे राहिलेले एक गाव, इतपतच त्याची ओळख राहिली. त्या प्रेक्षकाला कान होता की नाही, हे कुणी विचारलेले आमच्या पाहण्यात नाही.

इंद्रभुवनाबद्दल मात्र एक गोष्ट निश्चित सांगता येते, आणि ती नाटकाची नाही. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद याच थिएटरात भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि समोरचा प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी येऊन पोचली. ज्या गावात देवळाचे दार बंद होते त्या गावात थेटराचे दार उघडले गेले, ही नोंद नाट्येतिहासात नसते आणि चळवळीच्या इतिहासात थेटर हा केवळ पत्ता असतो. आम्हांला या दोन्ही नोंदी एका पानावर हव्या आहेत. एकाच छपराखाली लोक कधी पद ऐकायला बसले, कधी आपल्या हक्काची भाषा ऐकायला. ऐकण्याची सवय अशी लागते, आणि एकदा लागली की ती कोणत्या प्रकारच्या शब्दासाठी लागली हे वेगळे काढता येत नाही.

आता आमच्या पत्र्याच्या थेटराकडे येतो.

आम्ही नऊ-दहा वर्षांचे असू. आजी पौषात गेली होती. चैत्रात एका संध्याकाळी आबाजींनी कोट घातला, टोपी झटकली आणि आम्हांला म्हणाले, “चाल.” आत्या दारात आडवी आली. “मायले जाऊन वरीस नाई झालं अजून, अन् तुमी थेटरात चाल्ले?” आबाजी काही बोलले नाहीत. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि आमचा हात धरला. वाटेत त्यांनी दोन आण्यांच्या फल्ल्या घेतल्या, त्या सगळ्या आम्हीच खाल्ल्या.

थेटर म्हणजे टिनाचे उंच छप्पर, पुढे लोखंडी खुर्च्या, मागे बाक, त्याच्याही मागे सतरंजी. दिवसभराच्या उन्हाने तापलेले टिन रात्री आठ वाजता मधूनच कडकड वाजत असे. आम्हांला वाटले होते नाटक असेल. राजा असेल, तलवार असेल. पडदा वर गेला तर मंचावर एक टेबल, एक पाण्याचा तांब्या आणि एक मायक्रोफोन. पेटी नाही, तबला नाही. एक गृहस्थ आले आणि ‘दोस्तहो’ म्हणून बोलू लागले. ते यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर होते. वासुदेव वामन पाटणकर; जन्म १९०८, निधन १९९७; पेशाने वकील, शौकाने पट्टीचे शिकारी, आणि वऱ्हाडातल्या गावोगावच्या लोकांच्या लेखी या दोहोंहून अधिक काही : मराठी शायर.

त्या रात्री काय म्हटले गेले ते आम्हांला अर्थातच समजले नाही. मदिरा, साकी, कबर, यांतला एकही शब्द आमच्या घरात वापरात नव्हता. पण घडत काय होते ते दिसत होते. भाऊसाहेब एक ओळ म्हणायचे. थांबायचे. तीच ओळ पुन्हा म्हणायचे. आता सभागृहात एक ताण यायचा, पतंगाची दोरी ओढून धरावी तसा. तिसरी ओळ जरा आडवळणाने जायची, आणि चौथीचा शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडायच्या आत मागच्या सतरंजीवरून कुणीतरी तो ओरडायचा. मग हास्याचा जो लोंढा यायचा त्यात तो शब्द भाऊसाहेबांनी उच्चारला की नाही हेही कळायचे नाही. जो ओरडला तो कापसाच्या जिनातला हमाल असेल, शाळामास्तर असेल, कोण जाणे. पुढच्या खुर्च्यांवरची वकीलमंडळी मागे वळून त्याच्याकडे पाहत आणि दाद त्याला देत.

एका टप्प्यावर मरणाची शायरी सुरू झाली. मेलेला माणूस तिरडीवरून स्वतःच्याच अंत्ययात्रेकडे पाहतो, कोण खरे रडते आणि कोण घड्याळ पाहते याची नोंद घेतो, ही फारसी-उर्दू काव्यातली मुरलेली कल्पना. भाऊसाहेबांनी ती मराठी घराच्या ओसरीवर आणून बसवली. लोक पोट धरून हसत होते. आम्ही आबाजींकडे पाहिले. ते हसत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते, आणि ते पुसत नव्हते. आम्हांला राग आला. आजीला नेले तेव्हा हेच आबाजी खांबाला टेकून कोरडे बसले होते. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारले, “समजलं काय रे तुले?” आम्ही रागाने ‘नाही’ म्हटले. ते म्हणाले, “समजन कधीतरी,” आणि त्या रात्री आजी गेल्यापासून पहिल्यांदा ते ओसरीवर न झोपता आतल्या खोलीत झोपले.

पुढे आम्ही साहित्याचे विद्यार्थी झालो, काही वर्षे शिकवलेही. भाऊसाहेबांचे नाव अभ्यासक्रमात कुठे आढळले नाही. टीकाग्रंथांत सापडले तेव्हा त्याच्या आगेमागे ‘लोकप्रिय’, ‘रंजक’, ‘मैफलीतले’ अशी विशेषणे उभी होती. चौकीदार उभे असावेत तशी. आता ‘रंजन’ हा आपल्याकडे दोष कधी झाला, हा प्रश्न एखाद्या प्रबंधाच्या योग्यतेचा आहे. ज्या परंपरेने ‘रस’ हा शब्द काव्याच्या केंद्रस्थानी ठेवला तिच्या वारसदारांनी हसणाऱ्या सभागृहाकडे संशयाने पाहावे, हे आम्हांला कधीच उमगले नाही. सभागृह हसले म्हणून काव्य उथळ ठरत नाही. आणि वाचक कंटाळला म्हणून ते खोलही ठरत नाही, हे जाता जाता.

भाऊसाहेबांवर घेतला जाणारा गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो आम्हांला अर्धाच मान्य आहे. त्यांची शायरी गझलेच्या तंत्रात पुरती बसत नाही. मतला, काफिया, रदीफ यांची शिस्त सुरेश भटांनी ज्या कडवेपणाने पाळली आणि इतरांना पाळायला लावली, ती इथे नाही. बहुतेक रचना चार-आठ ओळींच्या, एका कल्पनेभोवती फिरणाऱ्या, शेवटच्या ओळीत उडी घेणाऱ्या. कागदावर एकापाठोपाठ एक वीस वाचल्या तर ती उडी अगोदर दिसू लागते आणि मन शिणते. हे खरे आहे. पण वीस कीर्तने सलग छापून वाचली तरी तेच होईल. ती उडी मंचावरची आहे. तिच्या दोन्ही बाजूंना प्रेक्षकाचा श्वास धरलेला आहे. तिथून ती उचलून पुस्तकात ठेवायची आणि मग ‘ही पुस्तकी कसोटीस उतरत नाही’ असा निर्णय द्यायचा, हा न्याय भाऊसाहेबांच्या कोर्टातही टिकला नसता.

इथे अकोल्याची एक आठवण सांगितली पाहिजे, कारण मुद्दा तिच्यात आहे.

मामाचे घर अकोल्यात ताजनापेठेच्या बाजूला होते. मे महिन्यात अकोल्याच्या घरात झोपणे अशक्य, सगळे गच्चीवर. गच्चीवर पाण्याचा शिडकावा करायचा, गाद्या टाकायच्या आणि वाऱ्याची वाट पाहत पडायचे. अशाच एका रात्री मोर्णेच्या पलीकडून, जुन्या शहराच्या दिशेने, भोंग्यावरून मुशायरा ऐकू येत होता. वारा फिरला की अर्धी ओळ यायची, अर्धी जायची. मामा भुसार मालाचे अडते होते. त्यांना उर्दू लिपीतले एक अक्षर वाचता येत नव्हते. पण ते उताणे पडून, डोळे मिटून, दुसऱ्या मिसऱ्याच्या शेवटाला यमक आधीच म्हणून टाकत. दहांतले सहा-सात बरोबर यायचे. चुकले की ‘वा, हा आणखी बरा’ म्हणायचे आणि कुशीवर वळायचे. मागच्या सतरंजीवरून ओरडणारा तो अनोळखी माणूस आणि हे मामा, एकाच शाळेत शिकलेले होते.

ती शाळा कोणती? अचलपूर ही १४९० ते १५७४ या काळात इमादशाहीची राजधानी होती. पुढे मोगल, मग निजाम. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०३ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने गेला. कागदोपत्री सार्वभौमत्व मात्र निजामाचेच राहिले, इतके की १९३६ पासून हैदराबादच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब होता. अचलपूर, बाळापूर, आकोट, कारंजा, अकोला या गावांतून दखनी-उर्दू बोलणारी वस्ती शतकानुशतके मराठीच्या भिंतीला भिंत लावून राहिली. यावर वाचक विचारतील की मग मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथे ही शाळा अधिक भक्कम असायला हवी होती. आक्षेप रास्त आहे. आमचा तर्क असा : मराठवाड्यात उर्दू ही हुकमाची, कचेरीची, परीक्षेची भाषा होती, १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठच उर्दू माध्यमाचे. लादलेल्या भाषेशी माणसाचे नाते कपाळावरच्या आठीचे असते. वऱ्हाडात कचेरी मराठीत गेली आणि उर्दू उरली बाजारात, दर्ग्यात, कव्वालीत, मुशायऱ्यात. तिथे तिच्यात नापास होण्याची भीती कुणाला नव्हती. ती डोळ्यांत न जाता थेट कानात गेली. हा तर्कच आहे. मराठवाड्यातल्या अभ्यासकांनी तो खोडून काढला तर आम्हांला वाईट वाटणार नाही.

मराठी गझलेचा इतिहास सांगताना आपण माधव जूलियनांपासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. ते फारसीचे जाणते पंडित. ‘गज्जलांजलि’ १९३३ ची. वृत्ते आली, नाव आले. पण ती गझल ग्रंथालयाच्या दाराने आली. प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहिला पाहिजे, आणि पहिल्या ओळीनंतर ऐकणाऱ्याला वाट पाहायला लावले पाहिजे, ही गोष्ट तिच्यात रुजली नाही; कारण वाट पाहणारा समोर नव्हता. त्यानंतर एकदम सुरेश भट येतात, आणि आपण ‘प्रतिभा’ हा शब्द उच्चारून मोकळे होतो. भटांच्या प्रतिभेबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण भट १५ एप्रिल १९३२ रोजी जन्मले ते अमरावतीत, हा अपघात मानायचा का? त्यांच्याहून चोवीस वर्षांनी मोठे पाटणकर शेजारच्याच जिल्ह्याच्या गावी वकिली करत असावेत, आणि या दोन सर्वस्वी भिन्न प्रकृतींच्या माणसांना मराठी सभागृहाने पहिल्या ओळीनंतर श्वास धरून ऐकावे, हाही अपघात? आमचे म्हणणे इतकेच की कवीच्या आधी ऐकणारा तयार होता. जूलियनांना जे मिळाले नाही ते या दोघांना आयते मिळाले : सतरंजीवरून ओरडणारा माणूस.

भटांना तंत्राचा आग्रह का धरावा लागला तेही यातून कळते. ऐकणारा यमक आधीच ओळखत असेल तर कवीला दोन वाटा. त्याने ओळखले तेच द्यायचे आणि त्याच्याबरोबर हसायचे, किंवा त्याने ओळखले तेच द्यायचे पण असे की तो हसायचे विसरेल. पाटणकर पहिल्या वाटेने गेले, भट दुसऱ्या. ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) यांची भाषा वर्गात शिकवताना आम्ही प्रतिमा, विद्रोह, वेदना अशी शीर्षके फळ्यावर लिहीत असू. काफिया ऐकणाऱ्याशी कसा पैज लावतो हे एकदाही दाखवले नाही. एकदा एका विद्यार्थिनीने गझल मोठ्याने वाचली, पहिली ओळ संपताच घाईने दुसरीवर गेली, आणि आम्ही तिला थांबवले नाही. आज थांबवले असते.

अर्थात दोघांना एकाच तराजूत घालायचे नाही. भट मोठे कवी आहेत. नागपुरात रेशीमबागेत २०१७ पासून त्यांच्या नावाचे भव्य सभागृह उभे आहे आणि ते उचितच आहे. पाटणकर त्या मापाचे नव्हते, आणि असे म्हटल्याने त्यांचा अवमानही होत नाही. ते रंजनकार होते. प्रश्न एवढाच आहे की ज्या सभागृहाच्या कानावर एक मोठा कवी उभा राहिला त्या कानाला सरावात ठेवणारी माणसे आपल्या वाङ्मयेतिहासात कुठे बसवायची. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीतच झाली. साहित्य संमेलन अकोल्यात १९१२ मध्ये, हरिभाऊ आपट्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. संस्थांच्या तारखा अशा मुखोद्गत आहेत. ऐकणाऱ्यांच्या नाहीत. हेच ऐकणारे आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि मराठी विभागांतून दरवर्षी जे प्रबंध निघतात त्यांतला एखादाही विद्यार्थी रेकॉर्डर घेऊन त्यांच्या ओसरीवर बसलेला आम्ही ऐकला नाही. छापील संग्रहावर सहावा प्रबंध लिहिणे सोपे पडते, हे मार्गदर्शक म्हणून आम्हांलाही ठाऊक आहे.

ते पत्र्याचे थेटर पुढे गोदाम झाले, मग त्या जागी दुकानांचे गाळे आले. मामा गेले. त्यांच्या गच्चीवरून आता मोर्णेपलीकडचे काही ऐकू येत नाही. मधे इमारती आल्या आहेत.

आबाजींच्या कागदपत्रांत आम्हांला एक वही सापडली. वरच्या अर्ध्या भागात भाड्याचा हिशेब, आणि मागच्या पानापासून उलट्या बाजूने पेन्सिलीने उतरवलेल्या शायरीच्या ओळी. अंधारात, मांडीवर वही ठेवून लिहिल्यासारख्या, एकमेकींवर चढलेल्या. तारीख नाही, ठिकाण नाही. एकाहून अधिक कार्यक्रमांतल्या असाव्यात, म्हणजे आम्हांला न नेता ते पुन्हा पुन्हा जात होते. पुष्कळ ठिकाणी चार ओळी आहेत, पण चौथीचा शेवटचा शब्द नाही. तिथे नुसती एक लांब रेघ ओढली आहे. आधी वाटले त्यांना आठवला नसावा. मग लक्षात आले की त्या शब्दाच्या वेळी थेटरात काही ऐकूच येत नसे. त्या रेघांवर शब्द भरायचे म्हणून आम्ही संग्रह घेऊन बसलो. बऱ्याच सापडल्या. दोन सापडल्या नाहीत, आणि एका ठिकाणी, मरणाच्याच शायरीपाशी, छापील शब्द आम्ही भरला तो आबाजींच्या रेघेपेक्षा खूपच आखूड निघाला.